दिल्ली ते लेह, एक तास पंचवीस मिनिटं

रविवार, १ डिसेंबर २०२४
तांडा, ता. बाभुळगाव

बबिता,

वर 'आशीर्वाद' लिहिलं होतं, मग खोडलं. खोडलेलं दिसत असेल. दुसरा कागद घ्यायचा कंटाळा आला.

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील. तरी फोडलं असेल तर पुढचं वाच. तुझा पत्ता मी मानीबाईकडून घेतला. तिच्यावर रागवू नको. माझी मोठी बहीण असली तरी तुझ्या बाबतीत ती माझं काही ऐकत नाही. चार दिवस मागं लागलो तेव्हा कुठं तिनं तो कागदावर लिहून दिला. त्याआधी फोन लावून पाह्यला. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहे हे मले माहीत आहे, तरी लावला.

गोष्ट लखनची आहे. तुझा भाऊ लेहच्या वरच्या रस्त्यावर बर्फ काढायचं मशीन चालवते, एवढं तुले मानीबाईनं सांगितलंच असेल. एकोणीस नोव्हेंबरले सकाळी मशीन घसरलं आणि त्यानं उडी मारली. उजव्या मांडीचं हाड मोडलं. लेहच्या दवाखान्यात ऑपरेशन करून आत सळी घातली. आठ दिवसांनी जखम चिघळली, म्हणून परत उघडून धुतली. तू नर्स आहे, यातलं तुले माझ्यापेक्षा जास्त समजते. डॉक्टर म्हणतात, ताप पूर्ण उतरल्याशिवाय आणि जखम कोरडी झाल्याशिवाय त्याले तिथून हलवायचं नाही. महिना लागेल, दोन लागतील.

आतापर्यंत कॅम्पातले दोघं जण आळीपाळीनं त्याच्याजवळ थांबत होते. पण भर हिवाळ्यात तो रस्ताच बंद ठेवतात, मग तिथलं काम थांबते. दहा तारखेले सगळे आपापल्या गावी निघतील. मग त्याले पाणी द्यायले, पाठ पुसायले, संडासचं भांडं धरायले कोणी नाही. लग्न त्याचं झालं नाही, हे तुले माहीत आहे.

मीच जाणार होतो. दोन वर्षांमागं माझ्या हृदयात स्प्रिंग बसवली, ते तुले कोणी कळवलं असेल की नाही कोण जाणे. यवतमाळच्या डॉक्टरनं लेहचं नाव ऐकून पेन खाली ठेवला. तिथं हवा इतकी विरळ की धडधाकट माणसालेही दोन दिवस झोपून राहावं लागते म्हणे. "काका, तुमच्यासाठी तिथं दुसरी खाट लावावी लागेल," असं म्हणाला. मी घरी आलो.

मग बाभुळगावच्या ऑनलाइन सेंटरवर गेलतो. तिथं खुशी नावाची पोरगी बसते. तिले म्हटलं, पोरगी दिल्लीले आहे, तिथून लेह किती लांब ते पाहून दे. तिनं मॉनिटर माझ्याकडे वळवला. रस्त्यानं हजार किलोमीटर, आणि तो रस्ता आता बर्फानं बंद. विमानानं सहाशेच्या आसपास. एक तास पंचवीस मिनिटं.

मी तिले दोनदा विचारलं. तीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केली, अंतर आणि वेळ यात मले कोणी चकवू शकत नाही असं वाटायचं. यवतमाळहून मारेगावले आमची गाडी अडीच तास घ्यायची. म्हणजे तुले लखन त्यापेक्षा जवळ आहे.

मारेगावचं नाव काढायचं नव्हतं. लिहिल्या गेलं.

आठ दिवसांची सुट्टी काढ आणि जाऊन ये. एवढंच मागणं आहे.

हरिसिंग

—

शुक्रवार, १३ डिसेंबर २०२४
तांडा

बबिता,

पत्र पोचलं हे समजलं. मानीबाई काल संध्याकाळी काठी टेकत आली आणि ओट्यावर बसून राह्यली. मी चहा ठेवला. तिनं तो घेतला नाही. म्हणाली, बबिताचा फोन आलता. तू तिले जे बोलली ते तिनं मले जसंच्या तसं सांगितलं: "ज्यानं मले घरात ठेवू नका म्हटलं, त्याचं भांडं धरायले मी कायले जाऊ?"

मानीबाईनं मले विचारलं, ती नऊ वर्षं हेच सांगते, पण लखन खरंच असं बोलला होता? मी म्हटलं, जुनी गोष्ट आहे, आता काय उकरायची. तिले कमी ऐकू येते. तिनं पुन्हा विचारलं. मी सोयाबीनचे पोते मोजायचे आहेत म्हणून उठलो. पोते केव्हाच गेले.

पोरी, माणूस कधी काय बोलते आणि त्यामागं काय असते, हे सांगता येत नाही. त्या वेळी घरात सगळ्यांचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. लखन काही बोललाही असेल तर तो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. आता त्याले नऊ वर्षं होतात. तू त्याची अवस्था पाहा.

काल मीच त्याच्याशी बोललो. कॅम्पातले लोक गेले. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको त्याले सकाळी गरम पाणी देते, तिची भाषा याले समजत नाही. वॉर्डात एक बाई रोज एकदा पट्टी बदलते. ताप उतरला होता, परवापासून परत आहे. मी विचारलं, बबिताले कळवू का? तो म्हणाला, "नको बापू. तिले माझं तोंड पाहायचं नाही. कायले त्रास देता तिले?"

तुले आठवते का, याडीची तेरवी होती त्या दिवशी तुम्ही दोघंही आलते. तू दिल्लीहून, तो लेहहून. तुमची आई जमनी गेल्यावर तरी माझी दोन्ही लेकरं एका ओसरीत बसली होती. लखननं तुझ्यापुढं चहाचा कप आणून ठेवला आणि तू उठून मानीबाईच्या घरी गेली. तो कप तसाच होता. लखन तिथंच बसून राह्यला. नंतर मले म्हणाला, मी हिचं काय केलं, बापू? मी म्हटलं, बायांचं मन असते, जाऊ दे. तो दुसऱ्या दिवशी निघून गेला.

खुशीकडून आणखी माहिती काढली. लेहची विमानं सकाळच्याच वेळी असतात, दुपारनंतर तिथं वारा सुटते. सकाळी निघाली तर दहा वाजेपर्यंत तू तिथं. पहिले दोन दिवस जिना चढायचा नाही, पाणी जास्त प्यायचं. हे तुले सांगायची गरज नाही.

मी लिहून राह्यलो आहे आणि थकून राह्यलो आहे. एका पानाले दोन दिवस लागतात. उत्तर देऊ नको, फक्त जा.

हरिसिंग

—

मंगळवार, २४ डिसेंबर २०२४
दिल्ली विमानतळ

बबिता,

जागा वाचून चमकू नको. मी दिल्लीत आहे. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा मी परत गेलेलो असेन.

मानीबाईले नागपूरले डोळे दाखवायले जातो असं सांगून निघालो. डॉक्टरले काहीच सांगितलं नाही. नागपूरहून रेल्वेनं आलो, आज पहाटे उतरलो. खुशीनं तिकीट काढून दिलं होतं, साडेदहाचं विमान. तिनं विचारलं होतं, आजोबा, तुमची तब्येत ठीक आहे ना? मी हो म्हटलं. खोटं बोलायची सवय असली की तोंडातून हो आपोआप निघते.

इथं लोखंडी बाकावर बसलो. माझ्याजवळ एक पिशवी, तिच्यात लखनसाठी लोकरीचे दोन पायमोजे, जवसाची चटणी आणि मानीबाईनं दिलेले लाडू. नागपूरले डोळे दाखवायले लाडू कायले लागतात, हे तिनं विचारलं नाही. तिले समजलं असेल.

साडेदहाचे साडेअकरा झाले. मग सांगितलं, लेहले बर्फ पडून राह्यला आहे, विमान रद्द. पुढची जागा परवा मिळेल. लोक काउंटरवर भांडायले लागले. मी उभा राह्यलो आणि छाती आवळली. घाम फुटला. कोणीतरी खुर्चीवर बसवून आत एका खोलीत नेलं. तिथं डॉक्टरीणबाई होती, तुझ्याच वयाची. तिनं मशीन लावलं, जिभेखाली गोळी ठेवली. सगळे कागद पाहून म्हणाली, "अंकल, लेह भूल जाइए. सीधे घर जाइए." मग विचारलं, दिल्लीत तुमचं कोणी आहे का? बोलावून घेते.

मी 'नाही' म्हणालो.

तुझा दवाखाना इथून चौदा किलोमीटर आहे. सकाळी टॅक्सीवाल्याले विचारून घेतलं होतं. कायले विचारलं, माहीत नाही. तुझ्यापुढं उभं राह्यची हिंमत माझ्यात नाही, ती कधीच नव्हती. आता त्या खोलीबाहेर बसलो आहे. तासाभरानं रेल्वे स्टेशनवर जाईन. तोपर्यंत जे लिहायचं ते लिहितो. मागच्या दोन पत्रांत ते टाळलं.

लखन तसं कधीच बोलला नव्हता.

नऊ वर्षांमागं, सप्टेंबरमध्ये, वणी-यवतमाळ गाडीवर माझी ड्युटी होती. मारेगावच्या स्टँडवर तू चढली. हातात एक बॅग. उजवं मनगट सुजलं होतं, ते तू ओढणीत गुंडाळून धरलं होतं. मी पाह्यलं. मी विचारलं नाही. गर्दी होती, मी तिकिटं फाडत मागं गेलो आणि परत येऊन तुझ्या शेजारी बसलो. तू म्हणाली, "बापू, मी परत जाणार नाही." मी म्हटलं, बरं.

करंजीले गाडी दहा मिनिटं थांबते. ड्रायव्हर चहाले उतरला. त्या दहा मिनिटांत माझ्या डोक्यात काय काय आलं ते सांगतो. तुझा सासरा आणि मी एका पंचायतीत बसणारे. तांड्यावर त्या वर्षी दोन पोरींना मी स्वतः समजावून सासरी परत पाठवलं होतं. लोक म्हणत, हरिसिंगनं सांगितलं म्हणजे झालं. आता माझीच पोरगी बॅग घेऊन उतरली तर मी कोणत्या तोंडानं बसू? एवढंच होतं. तुझ्या जिवाचा विचार त्यात नव्हता.

पण तुझ्याकडे पाहून 'येऊ नको' असं मले म्हणता येईना. म्हणून मी म्हटलं, "लखनचा फोन आलता. त्याचं लग्न जमून राह्यलं. तो म्हणते, बहीण परत आली तर पोरीवाले मागं सरतील. तिले घरात ठेवू नका."

तू विचारलं, "भिया असं म्हणला?"

मी हो म्हटलं.

तू त्यानंतर यवतमाळपर्यंत खिडकीबाहेर पाहत होती. स्टँडवर उतरल्यावर मी तुले परतीच्या गाडीत बसवलं. अमरसिंग कंडक्टर होता त्या गाडीवर. त्याले सांगितलं, पोरगी आहे माझी, मारेगावले नीट उतरून दे. तू रडली नाही. मी गाडी सुटेपर्यंत उभा होतो आणि मग डेपोत जाऊन हिशेब दिला.

आता खरं काय ते लिहितो. त्याच्या आठ दिवस आधी लखनचा खरंच फोन आला होता. तो म्हणाला होता, "बापू, बबिताचा आवाज मले ठीक नाही वाटत. तिले घेऊन या. तुम्हाले जमत नसेल तर मी सुट्टी टाकून येतो." त्याचं लग्न तेव्हा जमून राह्यलं होतं हे खरं. पोरीकडच्यांचं तो एका शब्दानंही बोलला नव्हता.

तुले परत पाठवल्यावर त्यानं पुन्हा फोन केला. मी त्याले सांगितलं, ती आली होती, पण स्वतःच्या मनानं परत गेली. म्हणाली, भियानं माझ्या संसारात पडू नये, मले फोन करू नये. तो म्हणाला, ठीक आहे, ती सुखात असेल तर.

त्यानंतर दीड महिन्यानं तू मारेगावहून एकटी नागपूरले निघून गेली. बायांच्या वसतिगृहात राह्यली, नर्सिंग केलं. यातलं एकही काम माझ्यामुळं झालं नाही. लखनले जेव्हा समजलं तेव्हा तो तुले शोधत नागपूरले गेलता. तू त्याले गेटवरून परत पाठवलं. तुझा दोष नाही. तू मी सांगितलेल्या लखनले परत पाठवलं. खरा लखन पाच तास गेटसमोर बसून होता, हे त्यानं मले कधीच सांगितलं नाही, जमनीले सांगितलं होतं. त्याचं जमलेलं लग्न पुढं त्यानंच मोडलं. कारण विचारलं तर म्हणाला, मन नाही लागत.

जमनीले, ती मरायच्या सहा महिने आधी, मी हे सांगितलं. ती मले म्हणाली, "दोघांनाही सांगा. माह्यासमोर सांगा." मी म्हटलं, दिवाळीले येतील तेव्हा सांगतो. दिवाळीच्या आधी ती गेली. तेरवीले तुम्ही दोघं समोर होते, चहाचा कप मधात होता आणि मी त्या खांबाले टेकून बसलो होतो. तेव्हाही मी सांगू शकलो असतो.

माफी मागत नाही. ती मागितली की तुले काहीतरी द्यावं लागेल, आणि तू मले काही द्यावं असं उरलं नाही. फक्त हे वाच आणि मग ठरव, लखनकडे जायचं की नाही. न गेली तरी आता खरं कारण माहीत असून जाणार नाही, एवढाच फरक.

डॉक्टरीणबाई दोनदा बाहेर येऊन पाहून गेली. मले रडताना पाहून तिले वाटलं, परत दुखायले लागलं. पाण्याची बाटली देऊन गेली.

पायमोजे आणि लाडू घेऊन परत चाललो. पत्र स्टेशनवरच्या पेटीत टाकतो.

तुझा बाप

—

रविवार, १९ जानेवारी २०२५
तांडा

बबिता,

हे पत्र लिहू की नको यात चार दिवस गेले.

घरी आल्यावर मी खाटेवर पडलो होतो. मानीबाई जेवण आणून द्यायची. कापसाची शेवटची वेचणी राह्यली होती, ती बायांनी माझ्याशिवाय केली. मी रोज लखनले फोन लावायचो, तो दोन मिनिटं बोलायचा. ताप आहे. ताप नाही. पाय तसाच आहे. तुझं नाव त्यानं काढलं नाही आणि मीही काढलं नाही. पत्र तुले पोचलं की वाटेतच राह्यलं, हे विचारायले दुसरं कोणी नव्हतं.

अकरा तारखेनंतर त्यानं फोन उचलणं बंद केलं. पहिल्या दिवशी वाटलं, फोन बंद असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, पाय कापला असेल. तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात फोन लावला. तिथल्या माणसानं हिंदीत सांगितलं, पेशंट ठीक है, उनकी बहन आई है, दिल्ली से.

मी त्याले पुन्हा सांगायले लावलं.

चौथ्या दिवशी, बुधवारी दुपारी, लखनचा फोन आला. त्याचा आवाज बरा होता. म्हणाला, जखम कोरडी आहे, औषध बदललं, बबिता डॉक्टरशी रोज बोलते. मी म्हटलं, चांगलं झालं. मागं तू कोणाशी तरी बोलत होती, सुईचं काहीतरी, हिंदीत. तुझा आवाज मी जमनीच्या तेरवीनंतर पहिल्यांदा ऐकला. थोडा जाड झाला आहे.

मग लखन म्हणाला, "बापू, तिनं मले पत्र वाचून दाखवलं. पूर्ण."

मी हो म्हटलं.

"मी तुम्हाले कितीदा विचारलं, मी हिचं काय केलं म्हणून. किती वेळा विचारलं?"

मले आकडा माहीत नव्हता. तो म्हणाला, आता काही दिवस मले फोन करू नका. पाय बरा झाला की पाहू. आणि आणखी एक गोष्ट म्हणाला. तांड्यावर अजूनही लोक म्हणतात, हरिसिंगची पोरगी घर सोडून पळाली. "मी ते ऐकून घेतलं, आईनं ऐकून घेतलं, तिच्याबद्दल बोलताना माना खाली घातल्या. तुम्ही ज्या पंचायतीले भ्याले, त्या पंचायतीत उभं राहून खरं सांगा. कागदावर तिले सांगितलं, आता तोंडानं त्याइले सांगा."

फोन ठेवला त्यानं. रागावून आपटला नाही, नीट ठेवला.

तू गेली. तू लेहले गेली, बबिता. बाकी माझं काय व्हायचं ते होवो.

तुझा बाप

—

गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५
तांडा

बबिता,

हे पत्र टपालानं नाही, मानीबाईच्या हातून येईल.

लखनले तू दिल्लीले आणलं हे तिच्याकडून समजलं. विमानातून पाय लांब ठेवून आणला, तुझ्या खोलीत तुझ्या खाटेवर झोपवला, तू खाली गादी टाकून झोपते. ड्युटी करून त्याचं करणं तुले जड जाते, म्हणून तू मानीबाईले दोन महिने ये म्हणाली. ती एकाहत्तर वर्षांची आहे, वर्ध्याच्या पलीकडे कधी गेली नाही, पण लगेच तयार झाली. कालपासून गाठोडं बांधून राह्यली. ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, अंबाडी सुकवलेली. तिकडे सगळं मिळते म्हटलं तर ऐकत नाही.

लखननं सांगितलेलं काम केलं. कसं झालं ते लिहितो, कारण मानीबाईले नीट ऐकू आलं नसेल.

पंधरा तारखेले सेवालाल महाराजांची जयंती होती. सगळा तांडा देवळासमोर जमला होता. यवतमाळले, लोहाऱ्याले कामाले असलेलेही आले होते. भोग झाला, आरती झाली. नायक धरमसिंग दोन शब्द बोलला आणि म्हणाला, आणखी कोणाले बोलायचं? दर वर्षी मी बोलतो, म्हणून त्यानं माझ्याकडेच पाह्यलं. मी उभा राह्यलो. माईक घेतला नाही.

मी म्हटलं, माझी पोरगी बबिता पळून गेली नव्हती. सासरी मार खात होती म्हणून ती माझ्याकडे आली होती. मी तिले तांड्यापर्यंतही येऊ दिलं नाही, यवतमाळच्या स्टँडवरून परत पाठवलं. आणि ते लखनच्या नावावर खपवलं. त्याचा काही दोष नाही, तिचाही नाही. त्या वर्षी मी आणखी दोन पोरींना समजावून परत पाठवलं होतं. त्या दोघींच्या आया इथं बसल्या आहेत, त्यांनी मले काय म्हणायचं ते म्हणावं.

मले वाटलं होतं, काहीतरी होईल. कोणी ओरडेल, कोणी उठून जाईल. धरमसिंग हळूच म्हणाला, हरिसिंग, आज सणाच्या दिवशी हे कायले? त्या दोन आयांपैकी एक, कांताबाई, माझ्याकडे पाहत राह्यली आणि मग तिनं पदर तोंडावर घेतला. तिच्या पोरीचं पुढं काय झालं, तुले माहीत आहे. ती दुसऱ्याच वर्षी सासरी जिवानिशी गेली. मग कोणीतरी प्रसाद वाटायले सुरुवात केली. मीही द्रोण घेऊन बसलो, पण खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कांताबाईच्या दारात गेलतो. तिनं दार उघडलं, मले पाह्यलं आणि लावून घेतलं. मी थोडा वेळ उभा राह्यलो आणि परत आलो. परत जाईन. ती उघडो न उघडो.

मानीबाई त्या संध्याकाळी देवळातून माझ्याबरोबर चालत आली. घराशी आल्यावर म्हणाली, "नऊ वर्सं मी त्या लेकराले वाईट समजत होती. त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही मी तेरवीले." मी म्हटलं, आता दिल्लीले जाऊन घे. ती म्हणाली, "तेच कराले चालली." माझ्याशी ती आता कामापुरतं बोलते. जेवण मात्र पाठवत होती. ती गेल्यावर मी माझं करून घेईन, भात आणि वरण मले येते.

तिले हे पत्र दिलं आहे आणि सांगितलं आहे, वाचायचं नसेल तर बबिताले जबरदस्ती करू नको. लखनले मी तांड्यावर काय बोललो ते कळवलेलं नाही. तुले वाटलं तर सांग.

मानीबाईचा पाय बाथरूममध्ये घसरू देऊ नका. बीपीची गोळी ती विसरते, सकाळी चहाबरोबर द्या.

उद्या सकाळी सातच्या एस.टी.नं तिले नागपूरले नेतो. रेल्वेत जागेवर बसवीन, गाठोडी सीटखाली लावीन, शेजारच्या बाईले लक्ष ठेव म्हणीन. गाडी निघाली की दुपारच्या एस.टी.नं परत येईन. दिल्लीले ये असं मले कोणी म्हटलेलं नाही, आणि ते बरोबर आहे.

बापू